सायलेन्सर बदलला, फिल्टर उघडा केला. आता जेटचं काय?

द्रुतगती मार्गावर दुचाकींना बंदी आहे. त्यामुळे मुंबईकडची मोटारसायकल खोपोलीहून जुन्या बोरघाटाने, शिंग्रोबाच्या देवळावरून वर येते, आणि पुण्याकडची देहूरोड, तळेगाव, कामशेत करत जुन्या हमरस्त्याने. पावसाळ्यातल्या रविवारी दोन्हीकडचा लोंढा लोणावळ्यात मिळतो आणि भुशी, लायन्स पॉइंट, पवनानगरकडे पांगतो. त्यातल्या बऱ्याच गाड्यांचा आवाज आधी येतो, गाडी मागून. चढावर याच गाड्या मिसिंग मारतात, रेस सोडली की फटाके फोडतात, आणि गॅरेजात उभ्या राहिल्या की मालक कारण सांगतो, "इथली हवा पातळ आहे ना, म्हणून गाडी ओढत नाही."

हे निदान चुकीचं आहे, आणि त्यावर केलेला उपाय गाडीच्या मुळावर येतो. दोष लोणावळ्याच्या हवेत नसतो. तो गाडी घरून निघाली तेव्हाच तिच्यात असतो. सायलेन्सर आणि एअर फिल्टर बदलले, पण कार्ब्युरेटर कंपनीने लावला तसाच राहिला. इंजिनाला मिळणारी हवा आणि पेट्रोल यांचा हिशेब त्यामुळे बिघडतो, आणि तो पुन्हा जुळवण्याचं काम जेट करतात.

कोणत्या गाड्यांचा हा प्रश्न

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं आणि नव्या मोटारसायकलींतून कार्ब्युरेटर जवळपास हद्दपार झाला. इंजेक्शनच्या गाडीत जेट नसतातच. तिथे संगणक आणि सेन्सर पेट्रोल मोजून देतात. तेव्हा हे सगळं त्याआधीच्या गाड्यांपुरतं: पल्सर १५०, १८०, २२०, कार्ब्युरेटरवाली क्लासिक ३५० आणि बुलेट, आरएक्स १००, कोणी जिवापाड सांभाळलेली येझदी.

अशा गाड्या या भागात भरपूर आहेत, आणि ते साहजिकच आहे. बजाजचे आकुर्डी आणि चाकणचे कारखाने मावळच्या उंबरठ्यावर. पल्सर आली २००१ मध्ये. तिची २२० सीसीची आवृत्ती २००७ साली फ्युएल इंजेक्शन घेऊन बाजारात उतरली, पण २००९ मध्ये तीच गाडी बजाजने कार्ब्युरेटरवर आणली आणि ती वर्षानुवर्षं खपली. कार्ब्युरेटर म्हणजे मागासलेपण, असं समजणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

जेट काय करतो

जेट म्हणजे पितळेचा नखाएवढा तुकडा, मधोमध अचूक मापाचं भोक. कार्ब्युरेटरच्या खालच्या वाटीत फ्लोटच्या पातळीपर्यंत पेट्रोल भरलेलं असतं. वरच्या नळीतून हवा वेगाने गेली की तिथला दाब घटतो, आणि वाटीतलं पेट्रोल जेटमधून वर चढतं. शहाळ्यातली स्ट्रॉ तोंडाने ओढावी तसंच हे.

रेस किती दिली आहे त्याप्रमाणे वेगवेगळे भाग कामाला लागतात. आयडलिंगपासून साधारण पाव रेसपर्यंत पायलट जेट आणि शेजारचा स्क्रू. पावपासून पाऊणपर्यंत निडल, म्हणजे स्लाइडला लटकणारी निमुळती सुई. त्यापुढे मेन जेट. हद्दी एकमेकींत मिसळतात, पण ढोबळ हिशेब हाच. शहरात गाडी जास्त वेळ पहिल्या दोन भागांवरच चालते. म्हणून मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये मेन जेटचा घोटाळा उघडकीला येत नाही, आणि घाटात तिसऱ्या गिअरवर पूर्ण रेस दिली की येतो. लोक नेमके इथेच फसतात. दोष दिसला लोणावळ्यात, म्हणून तो लोणावळ्याचा.

फिल्टर काढला की पेट्रोल का घटतं

उघड्या फिल्टरने हवा जास्त येते म्हणून पेट्रोल कमी पडतं, असं सगळे सांगतात. ते अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं जास्त महत्त्वाचं.

बहुतेक मोटारसायकलींत कार्ब्युरेटरची वाटी बाहेरच्या हवेला जोडलेली असते. वाटीत बाहेरचाच दाब. मूळ फिल्टरचा डबा मात्र अरुंद तोंडाचा, त्यात कागदाचा किंवा फोमचा फिल्टर. हवा त्यातून ओढून आणावी लागते, त्यामुळे डब्यातला दाब बाहेरच्यापेक्षा थोडा कमीच राहतो. ही घट नळीतल्या घटीत मिळते आणि पेट्रोल वर ओढायला मदत करते. कंपनीने जेटचा नंबर ठरवला तो ही मदत धरून.

आता डबा काढून कार्ब्युरेटरच्या तोंडावर कोन फिल्टर बसवला. अडथळा गेला, हवा वाढली. पण अडथळ्यामुळे मिळणारी ओढही गेली. तोच जेट, तीच वाटी, तरी पेट्रोल आधीपेक्षा कमी. हवा जास्त आणि पेट्रोल कमी, दोन्ही बाजूंनी मिश्रण लीन. म्हणून नुसता सायलेन्सर बदलला तर मेन जेट एक-दोन पायऱ्या वाढवून भागतं, आणि डबा गेला की पायऱ्यांचा हिशेब एकदम लांबतो.

पल्सर २२०, क्लासिक ३५० अशा गाड्यांत डायफ्रामवाला कार्ब्युरेटर असतो. त्यात मूठ पिळली की स्लाइड थेट उचलली जात नाही. हवेच्या ओढीने डायफ्राम वर जातो आणि स्लाइडला नेतो. त्याला शांत, एकसारखी हवा लागते, आणि ती डब्याच्या पोकळीतून मिळते. डबा काढल्यावर स्लाइड थरथरते. मग मधल्या रेसला गाडी अडखळते, पिकअप मरतं, आणि कोणताही जेट घातला तरी ते जात नाही. माझं मत विचाराल तर डायफ्रामवाल्या गाडीचा डबा काढूच नये. अगदीच हौस असेल तर डब्याच्या आत बसणारा धुऊन वापरायचा फिल्टर घालावा. आवाज बदलत नाही, म्हणून तरुण मंडळींना तो पटत नाही, हे कबूल.

सायलेन्सर आणि फटाके

सायलेन्सरचा परिणाम फिल्टरपेक्षा सौम्य असतो. इंजिनात क्षणभर आत येण्याची आणि बाहेर जाण्याची झडप दोन्ही एकदम उघड्या असतात. बाहेर पडणाऱ्या वायूची लाट त्या क्षणी आतली ताजी हवा ओढते किंवा परत ढकलते, आणि कोणत्या आरपीएमला काय होणार हे पाइपच्या लांबी-रुंदीवर ठरतं. मोकळा सायलेन्सर लावला की वरच्या आरपीएमला थोडं मिळतं आणि खालून पुष्कळ जातं. घाटात खालचीच ताकद लागते. शॉर्ट बॉटल सायलेन्सर लावलेली बुलेट भुशीच्या चढावर दुसऱ्या गिअरवर दम खाते तेव्हा तिच्या आवाजाने मालकाला ताकद वाढल्याचा भास होत असतो.

रेस सोडल्यावरचे फटाके ऐकून बरेच मेकॅनिक थेट मेन जेट बदलतात. पण रेस सोडली तेव्हा मेन जेट कामातच नसतो. शोधायचं असतं ते तीन ठिकाणी. बेंड पाइप आणि सायलेन्सरच्या जोडावरची पॅकिंग: तिथून बाहेरची हवा आत शिरली तर न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये पेटतं. पायलटचं मिश्रण: लीन असेल तर फटाके वाढतात. तिसरं ठिकाण बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही. अनेक गाड्यांत प्रदूषण कमी करण्यासाठी एक्झॉस्टच्या तोंडाशी बाहेरची ताजी हवा सोडणारी नळी आणि झडप असते. मूळ सायलेन्सरच्या पोटात तिच्यामुळे होणाऱ्या फटाक्यांचा आवाज जिरून जातो, मोकळ्यात तो कानावर येतो. अशा वेळी जेट निर्दोष असतो.

उंचीचा हिशेब

पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर, लोणावळा ६२० च्या आसपास. म्हणजे पुण्याची गाडी लोणावळ्याला येताना हवेच्या दृष्टीने जागची हलतच नाही. मुंबईची गाडी सहाशे मीटर चढते, आणि तेवढ्या उंचीवर हवेची घनता सुमारे सहा टक्क्यांनी घटते. पण हवेबरोबर जेटवरची ओढही घटते, त्यामुळे मिश्रणात प्रत्यक्ष फरक पडतो तो त्याच्या निम्मा, तीन टक्क्यांच्या आगेमागे. जेटच्या नंबरची जेमतेम एक पायरी.

तोही फरक पडतो उलट्या दिशेने. हवा पातळ झाली की मिश्रण रिच (पेट्रोल जास्त) होतं, लीन नव्हे. म्हणजे लोणावळ्याच्या उंचीवर जेट मोठा लागतच नाही, लागलाच तर किंचित लहान लागेल. मुंबईत लीन असलेली गाडी वर येऊन उलट थोडी सावरते. एप्रिलमधली ३८ अंशांची दुपार आणि ऑगस्टमधली २३ अंशांची सकाळ यांच्यात हवेच्या घनतेचा फरक पाच टक्के असतो. ऋतूचा फरक जवळपास उंचीच्या फरकाएवढाच. लडाखची गोष्ट वेगळी. पाच हजार मीटरच्या वर मिश्रण पाव हिश्शाहून जास्त रिच होतं आणि तिथे खरोखर जेट लहान करावा लागतो. महाराष्ट्रात महाबळेश्वरसुद्धा १३५० मीटरवर आहे. इथल्या कोणत्याही घाटासाठी वेगळा जेट विकत घेऊ नका.

पाऊस, धूळ आणि इथेनॉल

लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. कंपनीचा फिल्टरचा डबा सीटखाली असतो आणि त्याचं तोंड चाकाच्या उडणाऱ्या पाण्यापासून लपवलेलं असतं. कोन फिल्टर उघड्यावर, गुडघ्याजवळ. घाटात पुढच्या ट्रकच्या टायरांचे फवारे त्यावर बसतात. फिल्टर भिजला की हवा कोंडते, गाडी रिच होते, प्लग काळा पडून बंद पडते. कोरडा झाला की ती पुन्हा लीन. एका फेरीत दोनदा स्वभाव बदलणाऱ्या गाडीला योग्य जेट कोणता, हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. भुशीच्या वाटेवरच्या पाण्यात गाडी घालणाऱ्यांनी तर हा विचार सोडूनच द्यावा. फिल्टरमधून पाणी थेट सिलेंडरमध्ये गेलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो. उन्हाळ्यात पवना खोऱ्यातल्या गावरस्त्यांवरची बारीक माती असते. स्वस्त कोन फिल्टर ती अडवत नाही, पिस्टनच्या रिंगा ती अडवतात आणि झिजतात.

आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला पूर्ण जळायला वजनाने १४.७ भाग हवा लागते, या मिश्रणाला साधारण साडेतेरा. म्हणजे इथेनॉल नसलेल्या काळात ठरवलेल्या जेटवर तीच गाडी आज सात-आठ टक्के लीन चालते, सायलेन्सरला हातही न लावता. लोणावळ्याच्या उंचीची जी चर्चा होते तिच्या दुपटीहून मोठा हा फरक, आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. लीनकडे आधीच झुकलेल्या गाडीवर मोकळा सायलेन्सर आणि कोन फिल्टर आला की भर पडते ती यावर.

इथेनॉल पाणीही धरतं. बंगल्याच्या पोर्चमध्ये जून ते सप्टेंबर उभ्या राहिलेल्या गाडीच्या टाकीत ओलावा साठतो, आणि तो प्रमाणाबाहेर गेला की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन तळाशी बसतं. कॉक तळाशीच. ऑक्टोबरमध्ये गाडी काढली आणि सुरूच होईना, तर जेटच्या नंबरांत शिरण्याआधी कार्ब्युरेटरच्या वाटीखालचा ड्रेन स्क्रू सोडून काय बाहेर येतं ते पाहा.

बदलायचं तर कोणत्या क्रमाने

जेटला हात लावण्याआधी गाडी नीट आहे ना, ते पाहायचं. टॅपेट, प्लग, फ्लोटची पातळी, आणि विशेष करून कार्ब्युरेटर व इंजिनामधला रबरी जोड. जुन्या गाडीत त्याला भेगा पडतात, तिथून हवा शिरते आणि सगळी लक्षणं लीन जेटचीच दिसतात. गाडी आयडलिंगवर ठेवून जोडावर पाण्याचा बारीक फवारा मारला आणि आवाज बदलला, तर जोड गेला. तो बदलल्यावर जेटचं काम उरतच नाही, असंही होतं.

मग आधी मेन जेट. एका वेळी एकच पायरी, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. नंबर वाचताना सावध राहा: केहिनच्या जेटवरचा आकडा भोकाचा व्यास सांगतो, मिकुनीच्या षटकोनी जेटवरचा आकडा त्यातून वाहणाऱ्या पेट्रोलचं माप. एकाचा ११५ दुसऱ्याच्या ११५ बरोबर नसतो. व्यासाच्या नंबरात १०० वरून १०२.५ वर गेलं की भोकाचं क्षेत्रफळ पाच टक्क्यांनी वाढतं. पायरी दिसते तेवढी लहान नसते.

त्यानंतर निडल. सुईवरच्या खाचांत क्लिप असेल तर ती एक खाच खाली सरकवली की सुई वर येते आणि मधली रेस रिच होते. कंपनीच्या अनेक सुयांना खाच एकच असते. तिथे क्लिपखाली पातळ वॉशर घालतात. शेवटी पायलट. इंजिन तापवून, आयडलिंग सर्वांत वर आणि एकसारखं जिथे लागतं तिथे स्क्रू ठेवायचा. स्क्रू कोणत्या बाजूला आहे ते बघा: फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा, बाहेर फिरवला की लीन, इंजिनाच्या बाजूला असेल तर पेट्रोलचा, बाहेर फिरवला की रिच. पेट्रोलचा स्क्रू तीन फेऱ्यांच्या पुढे न्यावा लागला तर पायलट जेटच मोठा हवा.

जेटमध्ये तार घालू नका, घालू देऊ नका. क्लच केबलचा एक धागा काढून जेट साफ करण्याची जुनी सवय अनेक हातांना आहे. पितळ मऊ असतं. भोक ओरबाडलं की नंबर उरतो तो फक्त वर कोरलेला. भोक ड्रिलने मोठं करणारेही भेटतात. त्यांना गाडीची किल्ली देऊ नये. क्लीनर आणि हवेचा प्रेशर पुरेसा असतो.

बरोबर बसलं हे कसं ओळखायचं

प्लग कॉफीच्या रंगाचा हवा, हा सल्ला शिसेयुक्त पेट्रोलच्या काळातला. आजच्या पेट्रोलवर प्लगला रंग उशिरा चढतो, आणि गॅरेजपर्यंत हळू चालवत आणलेल्या गाडीचा प्लग फक्त आयडलिंगची कहाणी सांगतो. पांढराफटक आणि कडा वितळल्यासारख्या दिसल्या तर मात्र लगेच थांबावं. डीटीएस-आय पल्सरमध्ये प्लग दोन आहेत. दोन्ही काढून बघावेत.

रस्त्यावरची लक्षणं जास्त प्रामाणिक असतात. मेन जेट लीन असेल तर पूर्ण रेसला गाडी कोरडी वाटते, चढावर खडखड असा नॉकिंगचा आवाज येतो, आणि रेस थोडी मागे घेतली की ती उलट जास्त ओढते. रिच असेल तर घोगरी, जड चालते आणि गरम झाल्यावर बिघडते. बोरघाटात किंवा रविवारच्या गर्दीत ही परीक्षा घेऊ नये. मधल्या वारी सकाळी, रहदारी नसलेल्या चढावर, तिसऱ्या गिअरवर, वेगमर्यादेतसुद्धा इंजिनावर पुरेसा भार येतो. शंका आली तर एक पायरी रिच ठेवावी: रिच गाडी पेट्रोल पिते, लीन गाडी पिस्टन खाते. येझदीसारख्या टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलमधूनच जातं, तिथे पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी, आणि इंजिन सीज व्हायला एक लांब चढ पुरतो.

कायदा

जेट कितीही अचूक बसवला तरी सायलेन्सर कायदेशीर होत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीने दिलेल्या रचनेत परस्पर बदल करायला मनाई करतं. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. आवाज आणि हवेच्या प्रदूषणासाठी कलम १९०(२) वेगळं: पहिल्या गुन्ह्याला दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्स अपात्र. पुण्यात पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रोडरोलरखाली घातल्याचे फोटो अनेकांनी पाहिले असतील.

पीयूसीची मजा निराळी. २००० नंतरच्या फोर-स्ट्रोक कार्ब्युरेटर गाड्यांना ३.५ टक्के कार्बन मोनॉक्साइड आणि ४५०० पीपीएम हायड्रोकार्बनची मर्यादा असली, तरी तपासणी होते आयडलिंगवर. म्हणजे तिथे पायलट जेट पास होतो; मेन जेट कोणी तपासतच नाही. पीयूसी मिळाली म्हणजे कार्ब्युरेटर जुळला, असं समजू नये.

जुने भाग

मूळ सायलेन्सर आणि फिल्टरचा डबा भंगारवाल्याला देऊ नका. जुन्या गाड्यांचे हे भाग आता कंपनीकडून सहज मिळत नाहीत, आणि मिळाले तर किंमत डोळे पांढरे करते. काढलेले जेट पाकिटात घाला, त्यावर गाडी, नंबर आणि तारीख लिहा, आणि पाकीट टूलकिटमध्ये ठेवा. बदल करून वर्षभर वैतागलेला माणूस शेवटी डबा, सायलेन्सर आणि तेच जेट परत लावायला येतो. त्या दिवशी हे पाकीट हाताशी असेल तर काम अर्ध्या दिवसात होतं.